दूरचित्रवाणीवरचा विनोद आणि आमचा उलट टोला

(पालघर जिल्ह्यातल्या वाढवण येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वाढवणला येऊन इथे होऊ घातलेल्या बंदरावर बोलणार नाही, असं मी आधीच कळवलं होतं. त्यामुळे संयोजकांना हायसं वाटलं की काळजी वाटली, ते मला अजून कळलेलं नाही. ३० ऑगस्ट २०२४ चं भूमिपूजन, ७६,२२० कोटींचा आकडा, किनाऱ्यावरचा विरोध, यातलं सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट आजच्या विषयासाठी उसनी हवी आहे. टीव्हीवर वाढवणचं नाव आलं की पाठोपाठ बंदरच येतं. इथले दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर येत नाहीत, शंखोदर तीर्थ येत नाही, तुमच्याकडचे बोंबील येत नाहीत. पडद्याला एका गावामागे एकच गोष्ट पुरते. माणसांच्या बाबतीतही त्याचा हाच हिशेब असतो, आणि अपंग माणसाच्या बाबतीत तर फारच कडक. बहिरा म्हटला की कान, लंगडा म्हटला की पाय. त्या कानामागे किंवा पायावर एक अख्खा माणूस असतो, तो टीव्हीवरच्या स्किटमध्ये येईपर्यंत वेळ संपलेला असतो.

माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे हे तुम्ही मला मंचावर चढताना पाहिलंच. लहानपणी पोलिओ झाला, त्याची ही शिल्लक. पण मी इथे दुःख सांगायला आलेलो नाही. मराठी नाटक आणि टीव्ही बघणं आणि त्यावर लिहिणं हा माझा उद्योग आहे. विनोद मला मनापासून आवडतो, आणि आवडत्या गोष्टीत खोट दिसली की माणूस जरा जास्तच बोलतो. तेवढं आज सहन करा.

गावातली चेष्टा आणि टीव्हीवरची चेष्टा यांत एक फरक आहे, तो आधी सांगतो. आपल्याकडे नावं ठेवताना कुणी मागेपुढे पाहत नाही. एका डोळ्याचा तो काण्या, मी लंगड्या. राग यायचा का? यायचा. पण पावसाळ्यात चिखलात पाय घसरून एखादा धडधाकट मित्र उताणा पडला, की ‘अरे, दोन्ही पाय असून ही गत?’ असं विचारण्याचा पहिला मान माझा असे. सगळे तो मान्य करत, पडलेलासुद्धा. टोला यायचा आणि टोला परत जायचा.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजींनी तर याचा नियमच करून टाकला होता. वर्गात नकला करणारी दोन-तीन पोरं होती. गुरुजींनी नकलांना कधी बंदी घातली नाही. अट एवढीच, की ज्याची नक्कल केली त्यानं लगेच उठून नक्कल करणाऱ्याची नक्कल करायची, आणि ती संपेपर्यंत पहिल्यानं समोर उभं राहायचं. एका पोरानं माझी चाल केली. मग मी त्याची केली. तो फळ्यावर गणित सोडवायला गेला की नाक ओढत, चड्डी वर करत उभा राहायचा, ते सगळं केलं. वर्ग माझ्या वेळी जास्त हसला. त्या पोरानं पुन्हा माझी नक्कल केली नाही असं मुळीच नाही. केली, पण मग तयारीनं केली, कारण उत्तर येणार हे त्याला माहीत होतं. त्यामुळे त्याची नक्कलही सुधारली.

टीव्हीवरच्या विनोदात हा दुसरा भाग नसतो. माझी तक्रार तेवढीच आहे. आम्हाला हसू नका, असं माझं म्हणणं नाही. आम्हाला परत बोलायची सोय ठेवा, एवढंच आहे.

आता स्किट म्हणजे काय ते बघू. ‘फू बाई फू’, २०१४ साली सुरू झालेलं ‘चला हवा येऊ द्या’, २०१८ पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’, या कार्यक्रमांनी मराठी घरात रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवली. भाऊ कदम, समीर चौघुले, विशाखा सुभेदार अशी नुसत्या नजरेनं हशा घेणारी माणसं त्यांनी घराघरांत पोचवली. मी यांचा प्रेक्षक आहे, आणि आज कुठल्या एका कार्यक्रमावर बोट ठेवणार नाही, कारण ही सवय त्यांच्याही आधीची आणि सगळ्यांची आहे. स्किटला थोडी मिनिटं असतात. तेवढ्यात माणूस ओळखू यायला हवा, प्रवेशालाच हशा यायला हवा. लेखकाला आठवड्यामागून आठवडे लिहायचं असतं. मग हाताशी काय असतं? तोतरेपणा, बहिरेपणा, तिरळेपणा, लंगडणं, बुटकेपणा. यातला कुठलाही एक काढला की ओळख करून द्यायचे दोन संवाद वाचतात.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात होती. या एकवीसमध्ये सिकल सेलही आहे. आपल्या डहाणू-तलासरीतल्या पाड्यांवर सिकल सेल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सांधे धरतात, कळा येतात, पोर शाळेला मुकतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यावर स्किट होत नाही, कारण त्याची नक्कल करता येत नाही. टीव्हीला एकवीसपैकी चार-पाचच माहीत आहेत, ती लांबून ओळखू येतात ती.

सगळ्यांत वापरून झिजलेलं पात्र म्हणजे कमी ऐकू येणारे आजोबा. ‘आजोबा, जेवलात का?’ ‘नाही रे, देवळात नाही गेलो.’ पहिल्यांदा हसू येतं, मलाही येतं. मग तोच प्रकार पाच वेळा. पण ज्यांच्या घरात असे आजोबा आहेत त्यांनी आठवून बघावं. कमी ऐकू येणारा माणूस इतक्या ठामपणे चुकीची उत्तरं देत नाही. तो मान हलवतो. हसतो. सगळे हसले की अर्धा क्षण मागून हसतो. लग्नात भिंतीकडे पाठ करून बसतो, म्हणजे सगळ्यांचे ओठ दिसतात. न ऐकलेलं ऐकल्यासारखं निभावून नेण्यात त्याचं कसब पणाला लागलेलं असतं, आणि ते कधी फसतं तेव्हा जी धमाल होते ती ‘जेवलात-देवळात’च्या शंभरपट असते. शिवाय त्या घरात हास्यास्पद तो एकटाच नसतो. सून ओट्याकडे तोंड करून बोलते आणि ‘यांना ऐकूच येत नाही’ म्हणते. मुलगा तेच वाक्य नुसतं मोठ्यानं पुन्हा म्हणतो, जणू आवाज वाढवला की शब्द बदलतात. या दोघांवर स्किट मी अजून पाहिलेलं नाही.

तुमच्याकडची गोष्ट सांगतो. बोटीचं इंजिन सुरू झालं की तांडेल आणि खलाशी यांच्यात कोण बहिरा आणि कोण ऐकणारा? कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळं हातानं चालतं: जाळं ओढ, थांब, उजवीकडे घे. वर्षानुवर्षं इंजिनाजवळ बसून कान गेलेला खलाशी तिथे पहिल्या दिवसाइतकाच कामाचा असतो. तोच माणूस संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला की बहिरा ठरतो, कारण तिथे बाकीचे हात वापरत नाहीत. हे टिपणारा लेखक मुंबईच्या स्टुडिओत बसून मिळणार नाही, तो इथेच मिळेल.

आणि एक गंमत पाहा. बहिऱ्यांवरचा हा सगळा विनोद बहिऱ्यांना बघता येत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी टीव्ही कार्यक्रमांची मानकं काढली. मनोरंजन वाहिन्यांनी आठवड्यातून निदान एक कार्यक्रम खाली अक्षरं किंवा खुणांची भाषा देऊन दाखवावा, अशी त्यांची सुरुवात होती. तुमच्या घरच्या टीव्हीवर रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाखाली मराठी अक्षरं कधी दिसली का, ते आज घरी जाऊन बघा.

मराठीत हे सगळं असंच होतं का? नव्हतं. एकनाथांच्या भारुडांत आंधळा आहे, बहिरा आहे, मुका आहे, पांगळा आहे. भारूड करणारा ते सोंग ‘मी’ म्हणून घेतो. बघता बघता समोर बसलेल्यांना कळतं की बहिरे आपणच, आंधळे आपणच. टोला समोरच्याला लागतो. आता, अपंगत्व म्हणजे आत्म्यातली उणीव हा जो हिशेब त्यात आहे तो मला पटत नाही. माझा पाय पोलिओनं गेला, पूर्वसंचितानं नाही. पण रचना बघा. हसणारा शेवटी स्वतःलाच हसतो. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला जे साधत होतं ते आम्ही कुठे सांडलं?

फार लांब जायला नको. १९९३-९४ च्या सुमारास देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’ आलं. भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर ही नावं महाराष्ट्राला माहीत झाली त्यात या नाटकाचा वाटा मोठा. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका, तिघं मित्र, आणि तिघांनाही एकच मुलगी आवडते. गुजरातीतही ते दणकून चाललं, शर्मन जोशी तिकडच्या प्रयोगांत होता. पलीकडे उंबरगाव-वापीला नातीगोती असलेल्यांपैकी काहींनी दोन्ही भाषांत पाहिलं असेल. हे नाटक आज घेतलं तर त्यावर आक्षेप येतील, आणि काही रास्तही असतील. आपलं व्यंग लपवलं तरच मुलगी मिळेल, हा पायाच डळमळीत आहे. तिन्ही भूमिका डोळस, ऐकू येणाऱ्या, बोलणाऱ्या नटांनी केल्या हेही खरं.

पण त्याचं यंत्र कसं चालतं ते बघा. मुका खुणेनं जे सांगतो ते आंधळ्याला दिसत नाही. आंधळा जे बोलतो ते बहिऱ्याला ऐकू येत नाही. म्हणजे मुक्याचा निरोप आंधळ्यापर्यंत पोचवायचा तर बहिऱ्यानं बघायचा आणि बोलून दाखवायचा. निरोप नेणारा स्वतःच त्या मुलीवर डोळा ठेवून असेल, तर तो निरोप तसाच्या तसा पोचेल का? हसू येतं ते या तिघांच्या डोक्याचं, लबाडीचं, घाईचं, एकमेकांवर कुरघोडी करण्याचं. आणि टोला द्यायची पाळी तिघांनाही येते. कुणी एक जण मधे उभा राहून मार खात नाही. नाटकाच्या भाषेत सांगायचं तर पंच त्यांच्या वाट्याला आहेत. म्हणून इतकी वर्षं झाली तरी त्या नाटकाची आठवण निघाली की मला राग येण्याआधी हसू येतं.

त्याच्या शेजारी २०१६ चा हिंदी ‘हाउसफुल ३’ ठेवा. अक्षय कुमार, रितेश देशमुख, अभिषेक बच्चन ही धडधाकट मंडळी चाकाच्या खुर्चीची, आंधळेपणाची, मुकेपणाची सोंगं घेतात. इथे अपंग माणूस मुळातच नाही, नुसते कपडे आहेत. आणि याच रितेश देशमुखांनी दोनच वर्षं आधी ‘यलो’ हा मराठी चित्रपट काढला होता. महेश लिमये दिग्दर्शक. डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ त्यात स्वतःचीच भूमिका करते, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची खास दखल घेतली गेली. एकाच माणसाला दोन्ही सुचतं. म्हणजे अडचण मनाच्या कठोरपणाची नाही. गंभीर चित्रपट काढायचा तेव्हा खरी माणसं आठवतात आणि हसवायचं ठरलं की सोंगं आठवतात. सवयीचा भाग आहे.

‘रात्रीस खेळ चाले’ मधला पांडू आठवत असेल. २०१६ ची झी मराठीवरची मालिका, कोकणातल्या नाईकांच्या वाड्यातला विसरभोळा गडी, प्रल्हाद कुडतरकरांनी रंगवलेला. भुताखेताच्या मालिकेत प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून तो होता, आणि महाराष्ट्रभर लाडका झाला. मला पांडू आवडतो. त्याच्या विसरण्यात एक बेरकीपणा आहे, ते नेमकं मालकाच्या कामाच्या वेळी येतं. पण त्याला घरातलं कुणी बसवून काही विचारत नाही, तो जे बघतो त्याची कुणाला किंमत नाही. मोठ्या घरातला मंद गडी हे पात्र आपण इतक्या पिढ्या पाहत आलो आहोत, की त्याच्या बाजूनं त्या वाड्याकडे बघितलं तर काय दिसेल हा प्रश्नच पडत नाही.

हसवायचं नसेल तेव्हा अपंग माणूस टीव्हीवर कुठे येतो? डोळे पुसायच्या भागात. मागे बासरी किंवा पियानो, परीक्षक उभे राहतात, निवेदकाचा गळा दाटतो. मी पायऱ्या चढलो की मलाही टाळ्या मिळतात. आजही दोन-तीन मिळाल्या, मी ऐकल्या. पायऱ्या चढणं हे माझं कर्तृत्व नव्हे, मंचाला उतार न करणं हे मंडपवाल्याचं कर्तृत्व आहे. टाळ्या तिकडे वळवा.

आता कायद्याकडे येतो, थोडक्यात. २०२३ चा ‘आँख मिचोली’ हा हिंदी चित्रपट. रातांधळेपणा, बहिरेपणा, तोतरेपणा, विसराळूपणा असलेलं कुटुंब, आणि लग्न जुळवण्यासाठी सगळ्यांचं लपवणं. निपुण मल्होत्रा या स्वतः अपंग असलेल्या कार्यकर्त्यानं न्यायालयात धाव घेतली. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांनी निकाल दिला. चित्रपटावर बंदी घातली नाही, हे मला बरं वाटलं. निकालात एक भेद केला आहे. एक विनोद अपंगत्वाबद्दलच्या रूढ समजुतींना धक्का देतो, दुसरा अपंग माणसाला आणखी खाली ढकलतो. पहिल्याला मोकळीक असावी, दुसऱ्याची गय नको. थट्टेचा विषय आणि चमत्कार करणारा महामानव ही दोन्ही टोकं टाळा, आजाराची माहिती नीट घ्या, आणि आमच्याबद्दल लिहिताना आम्हाला विचारा, असंही सांगितलं.

पहिल्या प्रकारच्या विनोदाचं उदाहरण माझ्या खिशात आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी आपल्याकडची माणसं अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ठाण्याला जायची. एका कार्यालयात माझ्या दाखल्यावर ‘तात्पुरते’ असा शिक्का मारला गेला. पाच वर्षांनी पुन्हा या. मी विचारलं, ‘साहेब, मधल्या काळात पाय परत येईल असं वाटतं का?’ ते म्हणाले, ‘नियम आहे.’ आणि ती खिडकी पहिल्या मजल्यावर होती. यात मला एक शब्दही वाढवावा लागलेला नाही. अशी स्किटं सरकारी कचेऱ्यांत रोज फुकट होतात, लेखकांनी नुसती वही घेऊन बसावं.

न्यायालयातलं दुसरं प्रकरण २०२५ चं आहे. यूट्यूबवरच्या विनोदी कार्यक्रमांत स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी झालेल्या बाळाच्या कोट्यवधींच्या इंजेक्शनवर विनोद झाला. त्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था न्यायालयात गेली. २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समय रैना आणि इतर चार विनोदवीरांना आपापल्या चॅनेलवर माफी मागायला सांगितलं. पुढे नोव्हेंबरात, अपंगांना घेऊन कार्यक्रम करा आणि निधी उभा करा, असंही सांगितलं. माफी ठीक. आजारी बाळाला उलटून बोलता येत नाही, तेव्हा तिथे गुरुजींचा नियम लागू पडत नाही आणि कुणीतरी मोठ्यानं मधे पडावंच लागतं. पण निधीचा उपाय मला रुचला नाही. यात चेष्टा करणारा बघता बघता दाता होतो आणि आम्ही पुन्हा हात पसरणाऱ्यांच्या रांगेत. २०१६ च्या कायद्याचं ९२ वं कलम, चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद, हेही आहे. असावं. मात्र तुरुंगाच्या भीतीनं लेखक आमच्यावर लिहायचाच थांबला तर आम्ही पडद्यावरून पुरते गायब होऊ, आणि ते मला चेष्टेपेक्षा वाईट वाटतं.

उपाय लिहिणाऱ्याच्या खुर्चीत आहे. १९९३ चं दूरदर्शनवरचं ‘देख भाई देख’ आठवा. त्याच्या लेखनात लिलिपुट होते, उंचीनं कमी, लेखणीनं नाही. मुंबईची निधी गोयल स्वतः अंध आहे आणि रंगमंचावर उभी राहून डोळसांची जी भंबेरी उडवते त्याला तोड नाही. ब्रिटनमध्ये ली रिडली नावाच्या माणसाला बोलता येत नाही, तो यंत्राच्या आवाजात विनोद करतो. २०१८ मध्ये तिथल्या सगळ्यांत मोठ्या गुणवत्ता स्पर्धेत तो पहिला आला. त्याच देशात ‘द लास्ट लेग’ हा कार्यक्रम २०१२ च्या पॅरालिम्पिकपासून चालू आहे, त्याचा निवेदक अ‍ॅडम हिल्स कृत्रिम पाय लावून चालतो. अमुक प्रश्न अपंगांना विचारला तर चालेल का, असं प्रेक्षक बिनदिक्कत कळवतात आणि त्यावर हशा होतो. आपल्याकडे २०२५ च्या ‘सितारे ज़मीन पर’ मध्ये बौद्धिक वेगळेपण असलेले दहा कलाकार होते, आणि आमीर खानच्या तोंडावर फेकलेले पंच त्यांचे होते. प्रेक्षक पळून गेला नाही.

मराठी वाहिन्यांच्या लेखकांच्या खोलीत असं एखादं माणूस बसवायला किती खर्च येईल? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून जास्त अपंग नोंदले गेले. त्यात एकही विनोदी लेखक नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. आनंदवनातल्या ‘स्वरानंदवन’ या अपंग कलाकारांच्या वाद्यवृंदाची मंडळी गावोगाव तिकीट लावून रंगमंच गाजवतात, तेव्हा प्रेक्षक तयार नाही असंही म्हणता येणार नाही.

मुंबईच्या वाहिन्या आपलं ऐकतील तेव्हा ऐकतील. गणपती मात्र आपल्या हातात आहेत. वाढवण, चिंचणी, डहाणू, सगळीकडे मंडळांत स्किटं होतात, शाळांच्या स्नेहसंमेलनांतही. बहुतेक टीव्हीवरची उचललेली असतात, आणि त्यातले बहिरे आजोबा पहिल्यांदा उचलले जातात. यंदा एवढं करा. पात्र बहिरं असेल तर गावातल्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तालमीला बोलवा आणि विचारा, असं होतं का? त्याला एक तरी संवाद असा द्या ज्यावर बाकीचे निरुत्तर होतील. त्याचं त्यालाच काम करायचं असेल तर करू द्या, पडलं तर पडलं, आपल्या मंडळात कुणाचं काम पडत नाही? माझ्याकडून काही मदत हवी असेल तर माझा नंबर संयोजकांकडे दिला आहे. येईन, पण तालीम तळमजल्यावर ठेवा.